ताईच्या पिस्तुलाचा नवा चाप

९ सप्टेंबर, मंगळवार

ही वही मी जुलैतच आणली होती. पहिल्या पानावर ‘ट्रिगर : संशोधन व प्रगती’ असं लिहून खाली रेघ मारली. रेघ वाकडी गेली म्हणून पट्टी शोधायला उठलो, तो आज परत बसतोय. मधल्या काळात थोडे दिवस डोंगरावर हकलबेरी (करवंदासारखी रानफळं) तोडायला होतो. थोडे दिवस एका माणसाकडून जुनी स्कूलबस राहायला घ्यायच्या विचारात होतो. बसला इंजिन नव्हतं. तो म्हणाला, राहायचंच आहे तर इंजिन कशाला? मला पटलं होतं. ताईला पटलं नाही.

उशीर झाला, कबूल. आता रोज लिहिणार.

तर मुद्दा. गावात पशुखाद्याच्या दुकानामागे ओर्व्हलकाकांची शेड आहे. चाळीस-एक वर्षं तिथे बंदुका दुरुस्त करतायत. आता डोळ्यांनी दगा दिलाय, हाताखाली माणूस हवाय. मी गेलो आणि म्हटलं, काका, मला ट्रिगर येतात. ते म्हणाले, येतात म्हणजे? मी म्हटलं, म्हणजे येतात. ते माझ्याकडे (म्हणजे माझ्या दिशेने) वळले आणि म्हणाले, “ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी नेमबाजी क्लबची मॅच आहे. बाजारातला नवा ट्रिगर आण, स्वतःच्या हाताने बसव आणि ये. नेम लागो न लागो. पिस्तूल शेवटपर्यंत एकदाही अडलं नाही, तर सोमवारपासून या बाकावर बस.”

बाक मिळालाच म्हणायचा. मर्नाताई म्हणते मिळालाच तर बरं, कारण तिने सांगूनच ठेवलंय : बर्फ पडायच्या आत काम नाही धरलंस तर जेरोम गावी, हायरमच्या डेअरीवर. हायरम आमचा चुलतभाऊ. त्याच्या नऊशे गायी. माणसाने पहाटे उठून त्यांच्या मागच्या बाजूला उभं राहायचं. गायींचं आणि माझं पूर्वी एकदा जमवून बघितलंय. जमत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी एक.

पार्सल आलं! लाल रंगाचा सपाट चाप, नव्या हलक्या स्प्रिंगा, दोन बारक्या पिना, एक त्याहून बारका स्क्रू. सोबत माहितीचा कागद. वाचणारे वाचतात. मी व्हिडिओ बघितलाय. त्यातल्या दाढीवाल्याने सहा मिनिटांत बसवला. मी चार धरतोय, कारण मला दाढी नाही.

पिस्तूल ताईचं आहे. घटस्फोटानंतर तिने दोनच गोष्टी घेतल्या, कुत्रा आणि पिस्तूल. दोन्ही सांगितलेलं ऐकतात, असं ती म्हणते. पिस्तूल द्यायला तयार नव्हती. मी म्हटलं, ताई, परत देईन ते आत्तापेक्षा चांगलं करून. ती म्हणाली, “आत्ता चालतंय, ब्रॉडी. त्याच्यापेक्षा चांगलं म्हणजे काय करणार, स्वयंपाक?”

अट : घरात गोळ्या आणायच्या नाहीत. एकही नाही. मान्य.

सायंकाळी सहा.

चार मिनिटांत झालं असतं. पण एक स्प्रिंग उडाली. कुठे गेली कळेना. गालिचा झाडला. कुत्र्याच्या (नाव डिझेल) तोंडात बॅटरी मारून बघितली. गालिच्याखाली १९८७ सालचं नाणं सापडलं. त्याची किंमत काय येईल ते फोनवर बघण्यात तास गेला. एक सेंटच येते.

स्प्रिंग ताईला सापडली. जेवणात, भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या कॅसरोलमध्ये. दाताखाली. ती म्हणाली, “शरीराला लोह लागतं हे माहीत होतं. पण असं नको वाढत जाऊस.”

जुने भाग मी फेकणार होतो. तिने ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकले आणि फ्रीजवर ठेवले. जुन्याचा मोह सुटत नाही काही लोकांना.

१३ सप्टेंबर, शनिवार

बसवला! काय दिसतोय. लाल भडक. कुठल्याही पिस्तुलाने वळून बघावं असा.

एक बारीकशी गोष्ट. चाप ओढला की मागे जातो. पुढे येत नाही. मागेच राहतो, बोलणं लागल्यासारखा.

नवीन आहे, लाजत असेल. रात्रभर तसाच ठेवून बघतो.

१५ सप्टेंबर, सोमवार

लाज गेली नाही. ओर्व्हलकाकांकडे नेलं. सल्ला घ्यायला नव्हे, सहज दाखवायला. त्यांनी डोळ्यांनी बघितलंच नाही. चापावर अंगठा फिरवला, बारका स्क्रू चाचपला, अर्धा आटा मागे फिरवला. चाप टक्कन पुढे आला.

विचारलं, हा एवढा कुणी पिळला? मी म्हटलं, मी. घट्ट असलेलं बरं ना? ते म्हणाले, “बाळा, चापाला मागे-पुढे किती जायचं ते सांगायला हा स्क्रू असतो. तू त्याला सांगितलंस, परत येऊच नको. मग तो आपला बसला.”

संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आलंच असतं. त्यांना घाई. म्हातारपणी होते.

१७ सप्टेंबर, बुधवार

नेमबाजीच्या रेंजवर पहिली चाचणी. ताईने बसची सकाळची फेरी संपवून मला ट्रकने सोडलं (ती शाळेची बस चालवते, तिच्या बसला इंजिन आहे).

चाप असा की विचारू नका. लोण्यातून सुरी. विचार केला की ओढला जातो. पहिली गोळी, धाड! दुसरी, धाड! तिसरी, क्लिक.

क्लिक म्हणजे नुसतं क्लिक. पुढे काही नाही. मग धाड. मग क्लिक, क्लिक.

न उडालेली काडतुसं तपासली. बुडाच्या टोपीवर पिस्तुलातली पिन आपटून ठिणगी पाडते, तिचा ठसा हवा तसा खोल नाही. कुणीतरी नखाने खुणेपुरतं टोचावं तसा. निष्कर्ष स्पष्ट आहे : काडतुसांच्या टोप्या फार कडक आहेत. हल्ली कशातच क्वालिटी राहिली नाही.

ताई म्हणाली, जुन्या चापाला हीच काडतुसं उडत होती. तिला मी समजावलं की तेव्हाची गोष्ट वेगळी होती. ती म्हणाली, “तेव्हा म्हणजे गेल्या आठवड्यात?”

२० सप्टेंबर, शनिवार

दुसऱ्या कंपनीची काडतुसं आणली. क्लिक जास्त.

कारणं शोधली ती लिहून ठेवतो, पुढे दुकानात उपयोगी पडतील. थंडी. उंचावरची हवा. गोळी घालताना माझं मन एकाग्र नसणं (शेजारच्या पट्ट्यात एक माणूस बायकोला घोड्यावरून पडल्याची गोष्ट सांगत होता, चांगली होती). तेल कमी. तेल जास्त.

परत येताना ओर्व्हलकाकांकडे थांबलो. म्हणाले, “हलकी स्प्रिंग घातलीस ना? मग पिन हळू येते. हलका ट्रिगर पाहिजे होता तुला. तो इतका हलका झालाय की गोळीला कळतच नाही आपल्याला बोलावलंय. जुनी पिनेची स्प्रिंग परत घाल. चाप राहू दे लाल.”

म्हणजे हार मानायची. अर्धा ट्रिगर नवा आणि अर्धा जुना? लोक काय म्हणतील? मी मान डोलावली आणि निघालो. त्यांच्या काळात हेच होतं, जुनं परत घाला. आमची पिढी मुळापर्यंत जाते.

२२ सप्टेंबर, सोमवार

मूळ सापडलं. घर्षण!

आत लोखंड लोखंडाला घासतं, त्यात जोर वाया जातो. घासणारे भाग आरशासारखे चकचकीत केले की संपलं. पॉलिश आणायला जाणार होतो, पण टूथपेस्ट काय वाईट? दिवसभर घासलं. मधे एकदा थांबून दात घासून घेतले, हातात होतीच म्हणून.

पिस्तुलाला पुदिन्याचा वास येतोय. ताईने कपाट उघडलं आणि म्हणाली, “आता चोर आला तर आधी त्याच्या तोंडाची दुर्गंधी जाईल.”

हसू दे. घर्षण गेलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

क्लिक आहेच. पण क्लिकचा आवाज आता गुळगुळीत येतो. प्रगती.

२५ सप्टेंबर, गुरुवार

घरात गोळ्या चालत नाहीत, त्यामुळे आजपासून पेन्सिल चाचणी. ही शास्त्रीय पद्धत आहे. रिकाम्या पिस्तुलाच्या नळीत पेन्सिल टाकायची, खोडरबराची बाजू आत. नळी छताकडे. चाप ओढायचा. आतली पिन रबराला ठोसा मारते आणि पेन्सिल उडते. चांगलं पिस्तूल असेल तर छताला लागते. बरं असेल तर खांद्यापर्यंत येते.

माझी नळीतून जेमतेम बाहेर डोकावली, इकडे तिकडे बघितलं आणि मांडीवर पडली.

पंधरा वेळा केलं. मांडी, मांडी, मांडी, एकदा डिझेल.

निष्कर्ष : पेन्सिल जड आहे. या पिवळ्या पेन्सिलींचं लाकूड ओलं असतं.

हायरमचा फोन येऊन गेला. ताईशी बोलत होता. एक गडी सोडून गेलाय म्हणे. मी माझ्या तळघरातल्या खोलीतून ओरडलो, माझं ठरलंय म्हणून सांग! ताईने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण ती हसली नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

पिस्तुलाला विश्रांती. मन दुसरीकडे वळवल्यावर उत्तरं सुचतात.

‘ट्रिगरचा डॉक्टर’ नावाचा चॅनेल सुरू केला. पहिला भाग : घर्षण, एक न समजलेला शत्रू. अकरा मिनिटं. चौघांनी बघितला. एक प्रतिक्रिया आली : “भांडी.” ती ताईची होती.

बँजो शिकायचाही विचार चाललाय. दुकानात गिऱ्हाईक थांबलेलं असताना वाजवता येईल.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज कुठलंही विशेष काम केलं नाही. मॅच चार दिवसांवर असताना शांत राहणं हेच काम.

बाहेर गवतावर पांढरं दिसलं म्हणून अनवाणीच बघायला गेलो. दव गोठलं होतं. बर्फ नाही. दव गोठणं वेगळं आणि बर्फ पडणं वेगळं, हे ताईला नाश्त्याला स्पष्ट करून सांगितलं. तिने नुसतं पावासारख्या मऊ बिस्किटांवर ग्रेव्ही ओतली आणि म्हणाली, “आकाशाला सांग ते. मी वेळापत्रक करत नाही.”

१ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी वर गेलो तर ताई स्वयंपाकघराच्या टेबलावर पिस्तूल उघडून बसली होती. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ती हल्ली असलं काहीतरी करते. बोटांना तेल, समोर लोणच्याची बरणी उघडी, चष्म्यावर चष्मा. आणि तो माहितीचा कागद वाचत होती! आख्खा! दोन्ही बाजूंनी!

मी विचारलं, काय चाललंय? म्हणाली, “पुसतेय.”

पुसू दे. तिलाही सहभागी झाल्यासारखं वाटतं. मॅचचं नावही तिने नोंदवलंय. म्हणाली, पेट्रोल माझं, पिस्तूल माझं, मग मीही मारीन. एकाच पिस्तुलाने घरच्या दोघांनी नेम मारला तरी चालतं, बरेच जण मारतात. मी म्हटलं ठीक. माझ्यानंतर.

२ ऑक्टोबर, गुरुवार

विजय!!!

पेन्सिल चाचणी. नवी पेन्सिल घेतली, हिरवी. चाप ओढला. पेन्सिल सुटली ती छताच्या पुठ्ठ्यात जाऊन रुतली. रुतली! वर लोंबकळतेय. मी तिला काढणार नाही.

मी म्हणत होतो, पिवळी जड होती.

दुपारी रेंजवर. पन्नास गोळ्या. धाड, धाड, धाड. एकही क्लिक नाही. चाप पूर्वीइतका लोणी राहिला नाही, किंचित भार येतो, पण ते लोखंड मुरल्यामुळे. लोखंडाला मुरायला तेवढा काळ द्यावाच लागतो. ओर्व्हलकाकांसारख्यांकडे तो धीर नसतो.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, “मुरलं ना? बरं झालं. बुधवारी जरा जास्त मुरवलं मी.”

म्हणजे काय, ते विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात डिझेलने साळिंदर पकडलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कुत्र्याच्या थोबाडातले काटे काढण्यात काल संध्याकाळ गेली. आज शर्टाला इस्त्री केली. बाक खिडकीकडे सरकवायचा. ओर्व्हलकाकांना कोपऱ्यात खुर्ची द्यायची, मान राखायचा. बाहेर पाटी : आधी काकांचं नाव, मग माझं, मग थोड्या महिन्यांनी फक्त माझं.

हायरमला फोन करून सांगावं म्हटलं, मी येत नाही. ताई म्हणाली, उद्यापर्यंत थांब.

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी सव्वानऊ. रेंजच्या पार्किंगमध्ये, ट्रकमध्ये बसून.

मन शांत ठेवून घडलं तसं लिहितो.

सकाळी नव्या लोकांना नियम सांगायला बोलावलं होतं. मी जातच होतो. वाटेत ब्युरिटोची (पोळीत गुंडाळलेल्या राजम्याची) गाडी. तिथे मोंटानाचा एक माणूस ओढ्यातून सोनं कसं गाळतात ते सांगत होता. ते अर्धवट सोडणं शक्य नव्हतं. त्याने खिशातून बाटली काढून दाखवली, तळाशी खरंच चमकत होतं.

मग मी सेफ्टी टेबलावर गेलो. प्रत्येक रेंजवर असं एक टेबल असतं. रिकामं पिस्तूल पेटीतून काढायचं, कमरेला लावायचं, हवं तर उघडून बघायचं, ते तिथेच. म्हटलं, शेवटचं एकदा बघू चाप नीट बसतोय का. सवयीप्रमाणे खिशातलं नारिंगी प्लास्टिकचं खोटं काडतूस काढलं, पिस्तुलात घातलं, चाप ओढला. टक. सुंदर.

मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. रोवेनाबाई. क्लबच्या मुख्य पंच, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. आवाज इतका गोड की आधी वाटलं कौतुकच करतायत. म्हणाल्या, “बाळ, पिस्तूल टेबलावर ठेव. हे नारिंगी काय आहे?”

मी म्हटलं, खोटं आहे ते. प्लास्टिकचं.

म्हणाल्या, “या टेबलावर काडतूस नाही म्हणजे नाही. खरं नाही, खोटं नाही, साबणाचं केलेलं नाही. खरं-खोटं आम्ही लांबून ओळखायचं कसं? सकाळी हेच तर पहिलं सांगितलं. तू कुठे होतास?”

सोन्याचं सांगितलं नाही.

त्या म्हणाल्या, “वाईट वाटतं मला. आजच्यापुरता तू बाद.”

एक गोळी नाही मारली! रांगेतसुद्धा उभा राहिलो नाही! आख्ख्या मॅचमधला पहिला बाद, नऊ वाजायच्या आत. मागे दोघं म्हातारे होते. एक म्हणाला, असं तर मीसुद्धा कधी जमवलं नाही. दुसरा म्हणाला, जमवायचं म्हणून जमत नाही ते, अंगातच असावं लागतं.

सकाळी साडेनऊ.

मुद्द्याची गोष्ट लक्षात आली. ओर्व्हलकाका म्हणाले होते, पिस्तूल एकदाही अडायला नको. एकदाही अडलेलं नाही. शून्य गोळ्या, शून्य अडचणी. अट पुरी झाली. हे त्यांना सांगून येतो.

दुपारी तीन.

सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “तसं म्हटलं तर माझी पेटीतली हातोडीसुद्धा आज अडली नाही.”

इथला रिवाज असा की बाद झालेल्याने घरी जायचं नसतं. थांबायचं आणि दिवसभर इतरांच्या पुठ्ठ्यांवर पडलेल्या भोकांवर चिकटपट्ट्या लावायच्या, म्हणजे पुढच्याला पुठ्ठा कोरा मिळतो. मी लावल्या. हातात तपकिरी पट्ट्यांचं रीळ, अंगात इस्त्रीचा शर्ट.

ताईने मारलं. आयुष्यात पहिल्यांदा मॅच. पिस्तूल एकदाही अडलं नाही. क्लिकचा मागमूस नाही. तिच्या गोळ्या सगळ्या मधोमध, इतक्या जवळ जवळ की दोन भोकांना एक पट्टी पुरायची. माझं काम हलकं झालं, एवढंच त्यातलं चांगलं. शेवटी रोवेनाबाईंनी जोरात टाळ्या वाजवल्या.

मग ओर्व्हलकाका काठी टेकत आले. ताईच्या पिस्तुलाच्या चापावर अंगठा फिरवला, दोनदा ओढून बघितला, कान देऊन ऐकला. विचारलं, हा कुणी बसवला, मर्ना?

मी पुढे झालो. ताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, “लाल रंग तेवढा त्याचा, काका. चालतं ते सगळं माझं. बुधवारी कागद वाचला आणि पिनेची जुनी स्प्रिंग परत घातली. टूथपेस्ट काढायलाच जास्त वेळ लागला.”

काका म्हणाले, “कागद वाचलास?”

ती म्हणाली, “दोन्ही बाजूंनी.”

काकांचं तोंड असं झालं की मला वाटलं रडतायत. माझ्या समोर, माझ्या हातात पट्ट्यांचं रीळ असताना, त्यांनी तिला विचारलं, तुझी सकाळची फेरी किती वाजता संपते?

५ ऑक्टोबर, रविवार. दुपार.

शांतपणे विचार केला. झालंय ते वाईट नाही.

ताई सोमवारपासून दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ओर्व्हलकाकांच्या बाकावर बसणार. ठरलं. ती माझी बहीण. म्हणजे बाक घरातच आला. स्प्रिंगा घालायचं, कागद वाचायचं, ते किरकोळ काम ती करेल. मी डोकं चालवीन. कुणीतरी दूरवर बघणारं लागतंच. हे तिला सांगायला वर गेलो, पण ती फोनवर बोलत होती आणि तिने हातानेच खाली जा म्हणून खूण केली.

शिवाय मोंटानाच्या माणसाचा नंबर आहे माझ्याकडे. सोनं गाळायला फक्त एक तवा लागतो. या वहीच्या पहिल्या पानावरचं नाव खोडून ‘सोनं : संशोधन व प्रगती’ करावं का, असा विचार चालू आहे. पट्टी शोधतोय.

बाहेर गाडी थांबली. जड गाडी, डिझेलवर चालणारी. ओर्व्हलकाका असणार. वाटलंच होतं मला, रात्रभर विचार करून लाजले असतील. केस नीट करतो.

खिडकीतून बघितलं. काका नाहीत. दुधाचा टँकर आहे, दारापर्यंत चिखल उडालेला. हायरम उतरलाय. नाताळच्या आधी हा माणूस गायींना सोडून कधी कुठे जात नाही. ताईने दार उघडलंय, त्याला कॉफी विचारतेय, तो म्हणतोय वेळ नाही, संध्याकाळची धार आहे. एका हातात टोपी आहे. दुसऱ्या हातात रबरी गमबुटांची नवी कोरी जोडी, आणि तो ताईला विचारतोय की ब्रॉडीचा पाय दहा नंबरच ना.